दवाखान्याचे मागचे दार

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी या भागांतून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरत होती. आपला आजार, त्यावरचे औषध आणि आपल्या भोवतालची हवा, पाणी, रान यांचा एकमेकांशी संबंध कसा लागतो, हे वाचकांना जाणून घ्यायचे होते. म्हणून या वेळचे सदर मी त्याच पत्रांसाठी राखून ठेवले आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे न देता फक्त गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न: सन्माननीय डॉक्टर मॅडम, स. न. वि. वि. मी बारावी विज्ञान शाखेत शिकते. मी डॉक्टर व्हावे अशी घरच्यांची इच्छा आहे, आणि मला मात्र जंगल व नद्या यांविषयी काम करावेसे वाटते. आपण फिजिशियन असूनही सातत्याने पर्यावरणाविषयी लिहिता. या दोन गोष्टी आपल्या आयुष्यात एकत्र कशा आल्या? मला त्यांतून एकच निवडावी लागेल का? (एक विद्यार्थिनी, नंदगड)

उत्तर: तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. तुला एकच निवडावी लागणार नाही. माझ्या बाबतीत मात्र हे कळायला बराच काळ जावा लागला, आणि ते कळले तेही पुस्तकातून नव्हे, रुग्णांकडून.

एम. डी. झाल्यावर मी काही वर्षे शहरातील एका खासगी रुग्णालयात नोकरी केली. एका संध्याकाळी वॉर्डात दम्याच्या रुग्णाला तपासत असताना उघड्या खिडकीतून उग्र वासाचा धूर आत येऊ लागला. सिस्टरने सवयीने खिडकी लावून घेतली, आणि त्या सवयीचेच मला नवल वाटले. मी खाली उतरून इमारतीच्या मागे गेले. तिथे राखणदार एका ढिगाला सळईने चाळवत होता आणि त्या ढिगात सलाईनच्या नळ्या, हातमोजे, कापसाचे बोळे आणि औषधांची खोकी जळत होती. कचऱ्याची गाडी दोन दिवस आली नाही, असे कारण मला सांगण्यात आले. राखणदाराची लहान मुलगी तिथेच पायरीवर अभ्यास करत बसली होती. त्या ढिगातील निम्म्या वस्तू मी त्याच सकाळी राउंड घेताना लिहून दिलेल्या होत्या. नळ्यांचे पीव्हीसी प्लास्टिक असे उघड्यावर जाळले की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पुढच्या दाराने एका छातीवर उपचार चालले होते आणि मागच्या दाराने दुसऱ्या छातीत धूर जात होता. मी तक्रार केली, काही दिवस जाळणे थांबले, आणि नंतर पुन्हा सुरू झाले.

दुसरा प्रसंग खानापुरात स्वतःची प्रॅक्टिस सुरू केल्यानंतरचा आहे. जांबोटी रस्त्यावरील एका वाडीतून पंचावन्नच्या आसपासची एक बाई दर आषाढात धाप लागून येत असे. तिने आयुष्यात विडीला हात लावलेला नव्हता. तपासणीत श्वासनलिकांचा जुनाट अडथळ्याचा आजार, म्हणजे सीओपीडी निघाला. मी इन्हेलर दिला, तो कसा ओढायचा हे शिकवले, आणि श्रावणात ती पुन्हा तशीच दारात उभी राहिली. औषध नीट घेत नसेल असा संशय येऊन मी एका रविवारी तिच्या घरी गेले. स्वयंपाकघराच्या भिंती डांबरासारख्या काळ्या होत्या आणि वाशांवरून काजळीची जळमटे लोंबत होती. चुलीवरच्या माळ्यावर ओले सरपण सुकायला रचले होते. चहा टाकायचा म्हणून तिने फुंकणी उचलली, वाकून तोंड चुलीशी नेले, लांब फुंकर घातली आणि संपलेला श्वास भरून काढण्यासाठी त्याच धुरातून पुढचा श्वास ओढला. दोन हातांवरून मी ते पाहत होते. इन्हेलर मात्र देवळीत, स्वच्छ फडक्यात जपून ठेवलेला होता, आणि त्याचे डोसही बरोबर मोजून घेतलेले होते.

तिच्या केसपेपरवर मी वय, वजन, रक्तदाब, तंबाखूचे व्यसन असे सगळे लिहिले होते, पण चूल कुठेच लिहिली नव्हती, कारण छापील कागदावर चुलीसाठी रकानाच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक कागदावर हाताने तीन प्रश्न लिहू लागले: स्वयंपाक कशावर होतो, पाणी कुठले पिता, आणि काम काय करता. या तीन प्रश्नांनी मला जितके शिकवले तितके कुठल्याही परिषदेने शिकवले नाही. क्षयाचे औषध दोनदा पूर्ण करूनही दम न गेलेला एक तरुण ‘काम काय’ या प्रश्नामुळे उलगडला. तो उद्यमबागेतील फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, साच्यांची वाळू झाडण्याचे काम करीत होता आणि त्याच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ बसली होती. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाचा धोकाही अधिक असतो, त्यामुळे त्याला दोन्ही आजार असणे शक्य होते. तो प्रश्न विचारला नसता, तर मी त्याच्या गोळ्या बदलत राहिले असते आणि तो रोज त्याच धुळीत परत गेला असता.

यात नवीन काही नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे एखादा अख्खा प्रदेश रोगाने उद्ध्वस्त होण्याचा आहे, आणि त्याची कारणे म्हणून वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी बिघडणे असे सांगितले आहे. माणसांची प्रकृती, आहार आणि वय वेगवेगळे असूनही ती एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात, हा तिथला प्रश्न आहे. शहरात हवा बिघडल्यावर एकाच आठवड्यात माझ्याकडे धापेचे जास्त रुग्ण येतात, तेव्हा मला हाच प्रश्न पडतो.

तू एम. बी. बी. एस. करून पुढे सामुदायिक वैद्यक हा विषय घेऊ शकतेस, किंवा पर्यावरणशास्त्र शिकून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊ शकतेस. केंद्र सरकारने २०१९ पासून हवामानबदल आणि मानवी आरोग्य यांविषयीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आहे, आणि राज्यात व जिल्ह्यात तो चालवायला दोन्ही बाजू जाणणारी माणसे लागतात. डॉक्टरकीचा अभ्यास कठीण आहे, आणि केवळ घरच्यांसाठी तो करू नकोस, एवढे मात्र मोकळेपणाने सांगते.

प्रश्न: आमच्या भागातील लोक दवाखान्यात गेल्यावर एक तरी सलाईन लावून घेतल्याशिवाय परत येत नाहीत. आपण मागे एका लेखात लिहिले होते की अनावश्यक सलाईन टाळणे हे पर्यावरणाचेही काम आहे. गोरगरिबांना आधीच उपचार कमी मिळतात. त्यांतून पर्यावरणाच्या नावाखाली आणखी कमी करायचे, हा अन्याय नाही का? (एक निवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर: गुरुजी, आपला आक्षेप मी मनापासून योग्य मानते, कारण पर्यावरणाचा विषय निघाला की काटकसर नेहमी गरिबाच्याच ताटातून सुरू केली जाते. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट करते. ज्याला सलाईनची गरज आहे, त्याला ती मिळालीच पाहिजे. जुलाबाने डोळे खोल गेलेले मूल, उलट्यांमुळे पाण्याचा घोटही न टिकणारा रुग्ण, डेंग्यूमध्ये रक्तदाब घसरलेला माणूस यांच्यासाठी ती बाटली म्हणजे प्राण आहे, आणि तिथे कचऱ्याचा विचार मनात आणणारा डॉक्टर चुकतो.

पण रोज माझ्यासमोर येणारा प्रसंग वेगळा असतो. शेतात राबून थकलेली बाई येते, खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणते, “मॅडम, एक सलाईन लावा की, अंगात ताकदच नाही बघा.” तिला कुणी तरी सांगितलेले असते की बाटलीत ताकद असते. आता त्या बाटलीत काय असते ते पाहू. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते आणि बाकी निर्जंतुक पाणी असते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. एका वाटीभर पेजेत मीठ आणि गूळ घालून प्यायल्यास यापेक्षा कमी काही मिळत नाही. तिला हवे असते ते रक्तातील लोह, पोटभर जेवण, आणि दोन दिवसांची विश्रांती. बाटली लावून मी तिचे चारशे-पाचशे रुपये घेतले, तर तिचा अशक्तपणा तसाच राहतो आणि त्याचा शोधही लागत नाही. अन्याय तो आहे.

त्या एका बाटलीमागे एक नळी, एक कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी), सुई, चिकटपट्टी, कापूस आणि हातमोज्यांची जोडी खर्ची पडते. यातले प्लास्टिक खनिज तेलापासून बनते. हे सगळे कारखान्यातून ट्रकने येते, अर्धा तास वापरले जाते आणि पुन्हा ट्रकने जाते. शिरेतून सुई जाते तिथे जंतुसंसर्गाचा धोका असतो, तो वेगळाच. म्हणजे ज्या उपचाराने रुग्णाचे काहीच भले होत नाही, तोच पर्यावरणालाही सर्वांत महाग पडतो. पर्यावरणासाठी डॉक्टरने करण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असे मला कुणी विचारले, तर सौरपॅनेलच्या आधी मी हे सांगेन की जे औषध लागतच नव्हते ते देऊ नये.

इथे १९७१ ची आठवण ठेवण्यासारखी आहे. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलराची साथ पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी तोंडावाटे देण्यास सुरुवात केली आणि मृत्यूंचे प्रमाण वेगाने खाली आणले. आज आपण ज्याला ओआरएस म्हणतो, त्यावर जगाचा विश्वास बसण्यात त्या छावणीचा मोठा वाटा आहे. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण आपल्या शाळेच्या फळ्यावर आजही लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे.

आणखी एक उदाहरण देते, कारण कमी साधनांत काम म्हणजे हलक्या प्रतीचे काम, असा आपला समज असतो. दक्षिण भारतातील अरविंद नेत्र रुग्णालयांतील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे एका शस्त्रक्रियेमागे साधारण सहा किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, आणि ते ब्रिटनमधील तशाच शस्त्रक्रियेच्या सुमारे पाच टक्केच होते. कचरा निघत होता एका रुग्णामागे सुमारे पाव किलो. तिथे उपकरणे नीट निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, शस्त्रक्रियांची रचना वेळ आणि वस्तू वाया जाणार नाहीत अशी केलेली असते, आणि तरीही गुंतागुंतीचे प्रमाण कमी असते. म्हणजे या बाबतीत श्रीमंत देशांनी आपल्याकडून शिकावे अशी स्थिती आहे. सुई आणि सिरिंज मात्र याला अपवाद आहेत. त्या एकदाच वापरायच्या, यात काटकसर नाही.

प्रश्न: मी बेळगावातील एका छोट्या रुग्णालयात सिस्टर आहे. दहा खाटा आहेत. आमचे डॉक्टर चांगले आहेत, पण मोठा खर्च करण्याची ऐपत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने आम्ही सुरुवात कुठून करावी? (एक परिचारिका, शहापूर, बेळगाव)

उत्तर: सिस्टर, सुरुवात तुमच्या ड्रेसिंग ट्रॉलीपासून करा, कारण तिथे पैसे लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार आरोग्यसेवेतून निघणाऱ्या कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा घरातल्यासारखाच साधा असतो आणि साधारण १५ टक्केच धोकादायक असतो. पण वेष्टनाचा कागद रक्ताच्या कापसाबरोबर एका पिशवीत पडला की सगळीच पिशवी धोकादायक होते.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतील रंग आपल्याला पाठ असतील, पण त्यांमागचा विचार फारसा कुणी सांगत नाही. पिवळ्या पिशवीतील बहुतेक सगळे भट्टीत जळते. लाल पिशवीतील नळ्या, बाटल्या, हातमोजे वाफेने निर्जंतुक होतात, त्यांचे तुकडे होतात आणि ते प्लास्टिक पुन्हा वापरात येते. म्हणून लाल पिशवीतली नळी पिवळीत टाकणे म्हणजे ती जाळायला पाठवणे होय. सुया आणि पाती भोसकला न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून अधिक ठेवायचा नाही. आपल्या सीमाभागात भिंतीवरची सूचना एका भाषेत आणि झाडणाऱ्या मावशींची भाषा दुसरी, असे नेहमी घडते. त्यासाठी पिशवीच्या वर खरी वस्तूच चिकटवून ठेवा. लाल पिशवीवर धुतलेल्या नळीचा तुकडा, निळ्या खोक्यावर रिकामी कुपी. आमच्याकडे हे केल्यावर मावशींनीच मला माझी चूक दाखवून दिली होती.

नंतर हातमोज्यांकडे पाहा. रक्तदाब मोजायला, गोळी द्यायला, चादर सारखी करायला मोजे लागत नाहीत. तिथे हात धुणे पुरते, आणि अनेकदा तेच अधिक सुरक्षित असते, कारण मोजे घातले की हात धुणे विसरले जाते.

भूल देण्याचा वायू हा डॉक्टरांशी बोलण्याचा विषय आहे. डेसफ्लुरेन हा भुलीचा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे अडीच हजार पट अधिक उष्णता धरून ठेवतो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा वापर थांबवला. आपल्या लहान रुग्णालयांत तो फारसा नसतोच, पण नायट्रस ऑक्साइड असतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पटींच्या आसपास आहे, शतकभर हवेत टिकतो आणि ओझोनच्या थराचेही नुकसान करतो. जुन्या पाइपलाइनमधून तो रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच गळत असतो. महिन्याला किती सिलिंडर आले आणि किती रुग्णांना तो वायू दिला, एवढे दोन आकडे शेजारी लिहिले तरी गळती लक्षात येते, आणि त्यात पैसेही वाचतात.

पुढे कधी ऐपत झाली तर छतावर सौरऊर्जा बसवा, आणि ती आधी लसींच्या फ्रिजला, प्रसूतिगृहाच्या दिव्याला आणि ऑक्सिजनच्या यंत्राला जोडा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घटप्रभा, मलप्रभा आणि कृष्णा यांच्या काठची गावे पाण्यात गेली. अशा वेळी वीज नसेल, तर दोन ते आठ अंशांत ठेवायच्या लसी वाचवणे हेच मोठे काम होऊन बसते. जगभरच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ४.४ टक्के उत्सर्जन आरोग्यसेवेतून होते, असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. तुमच्या दहा खाटांचा त्यातला वाटा नगण्य आहे, पण त्यामुळे वाढलेल्या पुराचे रुग्ण तुमच्याच खाटांवर येतात.

प्रश्न: माझ्याकडे म्हशी आहेत. म्हैस लंगडली की माणसांच्या औषधाच्या दुकानातून दुखण्याचे इंजेक्शन आणून देतो, गुण लगेच येतो. पशुवैद्यांनी मला त्यावरून रागावले आणि गिधाडे मरतात म्हणाले. आमच्या लहानपणी मेलेल्या ढोरावर गिधाडे उतरत, आता एकही दिसत नाही. म्हशीच्या इंजेक्शनाने गिधाड कसे मरते? (एक दूध उत्पादक, लोंढा)

उत्तर: पशुवैद्यांचे म्हणणे अगदी खरे आहे. आपण आणता ते इंजेक्शन बहुधा डायक्लोफिनॅकचे असणार. म्हशीला ते दिल्यानंतर काही दिवसांत ती दगावली, तर औषधाचा अंश तिच्या मांसात राहतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडते, युरिक आम्ल शरीरभर साचते आणि ते काही दिवसांत मरते. हे कारण २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. तोवर देशातील गिधाडांच्या तीन जाती ९० टक्क्यांहून अधिक घटल्या होत्या. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर १९९२ ते २००७ या काळात हजारात एक उरले. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, पण लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या आणून गुरांना देत राहिले, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपीही तीन मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या दोन वेदनाशामकांवरही २०२३ मध्ये जनावरांसाठी बंदी आली.

आता हे माणसांच्या डॉक्टरने का सांगावे? गिधाडे गेली आणि मेलेली जनावरे शिवारात कुजत पडली. कुजलेले पाण्यात उतरले, मोकाट कुत्र्यांना खाद्य मिळाले आणि रेबीजचा धोका वाढला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे देशात सुमारे पाच लाख अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला आहे. एका वेदनाशामकाची ही वाटचाल मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक तरुण डॉक्टरला सांगते. आपल्या म्हशीसाठी पशुवैद्यांकडून मेलॉक्सिकॅम लिहून घ्या. ते गिधाडांना सुरक्षित आहे आणि दुखण्यावर चांगले चालते.

प्रश्न: आमच्या गावातील बरीच माणसे काजूच्या हंगामात घाट उतरून गोव्यातील सत्तरीकडे बागांत कामाला जातात. तिकडे माकडताप येतो असे ऐकले. आम्ही काय काळजी घ्यावी? (एक आशा कार्यकर्ती, कणकुंबी परिसर)

उत्तर: ताई, आपण हे वेळेवर विचारले. माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली तेव्हा सापडला, म्हणून त्याचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असे आहे. तो जंगलातील गोचिडींतून माणसाला होतो. माकड हे त्याचे कारण नसून माणसाप्रमाणेच बळी आहे. अनेक दशके तो शिवमोग्ग्याच्या आसपास राहिला आणि २०१५-१६ पासून गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग येथे त्याच्या साथी झाल्या. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याची लागण झाल्याची नोंद आहे. जंगल तुकड्यातुकड्यांत तोडले जाते, मध्ये बागा आणि गुरांची कुरणे येतात, गुरांच्या रक्तावर गोचिडी पोसल्या जातात आणि माणूस पालापाचोळ्यात हात घालतो, अशी त्याच्या पसरण्याची वाट आहे.

डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ असतो. कामाला जाताना अंगभर कपडे, पँट मोज्यांत खोचलेली, आणि आरोग्य खात्याकडून मिळणारे, गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल उघड्या त्वचेवर, एवढे पाळावे. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून स्नान करावे, आणि काखा, जांघा, कानामागे बोटाने चाचपून पाहावे, कारण ती गोचीड तिळाहूनही लहान असते. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये, आरोग्य केंद्राला कळवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अचानक तीव्र ताप, कपाळ फुटेल असे डोके आणि अंग ठणकणे सुरू झाले की दवाखान्यात स्वतःहून सांगावे, “मी सत्तरीच्या बागेत कामाला होतो.” रुग्ण एका राज्यात आजार घेतो आणि दुसऱ्या राज्यात तपासला जातो. त्यामुळे हे एक वाक्य न सांगितल्यास डॉक्टर मलेरिया आणि डेंग्यूच तपासत बसतात.

प्रश्न: ऊस गेल्यावर पाचट जाळू नये असे आपण म्हणता. मग त्याचे करावे काय? (एक शेतकरी, चिकोडी)

उत्तर: पाचट सरीत आडवे पसरावे, कुट्टी यंत्राने बारीक करता आले तर उत्तम, आणि एक टन पाचटामागे आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. शेतीची माहिती कृषी सहायक माझ्यापेक्षा चांगली देतील. दम्याच्या रुग्णांचे मात्र मी सांगू शकते. गळीत हंगामात ज्या दिवशी शिवार पेटते, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गावची मुले माझ्याकडे नेब्युलायझर, म्हणजे यंत्रातून औषधाची वाफ, घ्यायला येतात.

प्रश्न: घरात गॅस आहे, पण सिलिंडर दोन महिने पुरवायचा म्हणून आई अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच करते. तिला खोकला आहे. आपण लिहून दिलेला इन्हेलरही पर्यावरणाला वाईट असतो असे माझ्या मुलाने वाचले. तो बंद करावा का? (एक गृहस्थ, उचगाव)

उत्तर: इन्हेलर अजिबात बंद करू नका. फवाऱ्याच्या इन्हेलरमध्ये एचएफसी-१३४ए हा वायू असतो, तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून अधिक उष्णता धरतो, हे आपल्या मुलाने वाचले ते बरोबर आहे. पण त्याला पर्याय आपल्याकडे आधीपासून आहे. कॅप्सूल ठेवून ओढायच्या कोरड्या भुकटीच्या इन्हेलरमध्ये तो वायू नसतो, आणि तो स्वस्तही असतो. आईला जोराने श्वास आत ओढता येत असेल तर पुढच्या भेटीत आपण तो देऊन पाहू. तो ओढण्याची ताकद नसेल तर मात्र फवारा आणि स्पेसर (फवाऱ्याला जोडायची पोकळ नळी) हेच योग्य. कुठलाही इन्हेलर असला तरी नंतर चूळ भरायला सांगा.

चुलीविषयी मी आईंना दोष देणार नाही. घरातील धुरामुळे जगात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसे दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतील फार थोड्यांनी तो धूर आपखुशीने निवडला असेल. गॅस पुरवायचाच असेल तर भाकरी गॅसवर आणि पाणी चुलीवर, अशी वाटणी करा, कारण भाकरी होईपर्यंत आई चुलीला तोंड लावून बसते आणि पाणी मात्र चूल पेटवून बाहेर येऊनही तापते. पाण्याची चूल परसात आडोशाला हलवा. आणि मृगाच्या आधी सरपण छपराखाली घ्या. ओल्या लाकडाला फुंकणी जास्त लागते, आणि आईचा खोकला आषाढात वाढतो की नाही, हे या वर्षी तारीख घालून वहीत लिहून ठेवा. येताना ती वही घेऊन या.